गिरणीसाठी पाहिलेला माणूस

लग्नानंतर ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, माझ्यावर एकच मोठं काम सोपवलं. ते मी फार चांगलं केलं. जरा वाईट केलं असतं तर बरं झालं असतं, असं पुढे कितीदा तरी वाटलं, पण ते पुढे.

आमचं गाव म्हसळ्याच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी भात पिकवायचं आणि तरण्या पुरुषांनी मुंबई गाठायची, अशी वाटणीच ठरलेली. हे गोदीत कामाला होते. शिमग्याला यायचे ते आगबोटीने, आणि गणपतीला पावसापायी आगबोट बंद असली की माणगावपर्यंत एस.टी.ने; परत जाताना मात्र दर वेळी माणगावहूनच. मधले सगळे महिने माझे आणि सासऱ्यांचे. सासऱ्यांना मी आबा म्हणत असे. माणूस देवभोळा आणि मायाळू, पण कानांनी मंद. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे अर्ध्या गावाशी बोलायचं.

उगाच कशाला लपवू, मला हे घरात हवे होते. सणाला नव्हे, रोज. मागच्या दारी पाय धुताना त्यांची खाकरण्याची एक सवय होती, ती मला रोज ऐकायची होती. जेवताना भाजीत मीठ कमी म्हणून त्यांनी कुरकुर करावी आणि मी उलट बोलावं, एवढीच माझी हौस. भांडायलासुद्धा माणूस लागतं. शिमग्यापासून गणपतीपर्यंत माझी भांडणं साठून राहायची, आणि हे दारात उभे राहिले की त्यातलं एकही आठवायचं नाही.

अशाच एका शिमग्याला, होळीच्या दुसऱ्या दिवशी, मी घिरटावर, म्हणजे भाताच्या लाकडी जात्यावर, भात भरडत बसले होते. हे ओटीवर बसून बघत होते. आमच्याकडे तेव्हा भात घरीच भरडायचं आणि मग उखळात कांडायचं. गिरणी म्हणाल तर पार लांब, बाजाराच्या गावी. हे म्हणाले, "इथं इंजिनावरची गिरणी घातली तर?"

मी म्हटलं, "घाला. आणि मुंबईहून चालवा."

"मुंबईहून कशाला? मी येतो ना घरी."

माझा हात घिरटाच्या खुंट्यावरच थांबला. ह्यांनी सगळा विचार करून ठेवला होता. गाठीला थोडं होतं, थोडं उभं करता येणार होतं. गिऱ्हाईक, भाताची ने-आण, परवान्याची धावपळ, हे सगळं त्यांना जमण्यातलं. अडत होतं एकाच ठिकाणी. यंत्रातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. इंजिन बसवील, चालवील, बिघडलं तर उघडून परत जोडील असा भागीदार हवा होता, आणि तो गावचा, रोजच्या ओळखीचा हवा होता.

"गणपतीपर्यंत तू माणूस बघून ठेव," हे म्हणाले. "आबांना यंत्र म्हणजे भुताटकी वाटते. तुला माणसं कळतात. जावई बघावा तसा बघ."

मुलगी माझी तेव्हा अजून गुडघ्यावर रांगत होती, आणि मी निघाले गिरणीसाठी वर शोधायला. हसू नका. त्या वर्षी मी जितकी खूश होते तितकी नंतर कधीच झाले नाही. एक माणूस नीट निवडायचा, की माझा माणूस घरी. हिशोब इतका सरळ होता.

गावात यंत्र ठाऊक असलेली माणसं दोनच. पहिला माझा चुलत दीर. त्याला मी भावजी म्हणायची. मुंबईत कुठल्याशा मोटारींच्या कारखान्यात राहून तो परत आला होता. देखणा, बोलका, केसांना तेल, ओठांवर शीळ. कामाला हात घातला की विजेसारखा, पण घातलेला हात तिथंच ठेवून कुठं निघून जाईल याचा नेम नाही. त्याने गोठ्याचं कूड घातलं होतं, त्याची एक बाजू अजून बाकी होती. मला तो आवडायचा. घरात आला की घर हसायचं.

दुसरा गावच्या मुसलमान मोहल्ल्यातला तेलवाला. जहाजाच्या इंजिनखोलीत यंत्राला तेल घालत फिरतो त्याला तेलवाला म्हणतात, आणि गावातही त्याला तेच नाव पडलं होतं. जहाजावर चढला की वर्ष वर्ष तोंड दिसायचं नाही. मग अचानक एक दिवस पेटी घेऊन उतरायचा, चार-दोन महिने राहायचा, की पुन्हा दर्या. माणूस अबोल. बोलला तरी आपण विचारलेल्याच्या निम्मं बोलायचा.

त्याला मी ओळखत होते ते त्याच्या बायकोमुळे. ती माझ्याकडे अंडी घेऊन यायची. तिला मी भाबी म्हणायची, ती मला वयनी. अंडी देऊन झाली तरी ती पायरीवरून उठायची नाही आणि मीही तिला उठवायची नाही. तिचा माणूस दर्यावर, माझा गोदीत. एकदा ती म्हणाली, "वयनी, तुजा निदान सणाला तरी येतो. माजा कुठं हाय ते मी कुणाला इचारू? दर्याला?"

मी तिला गिरणीचं सांगितलं तेव्हा तिने अंड्यांची टोपली खाली ठेवली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "तो यंदा घरी हाय. तू त्याला बग. मी सांगते म्हणून न्हाय, तू बग."

आता बघायचं कसं? मला यंत्रातलं काय कळणार? पण चूल मला कळत होती. ह्यांनी मुंबईहून आणलेला एक स्टोव्ह होता, तो बंद पडून फडताळात बसला होता. तो मी आधी भावजींच्या पुढ्यात ठेवला.

"एवढंच ना, वयनी?" म्हणत त्याने शीळ घालत घालत स्टोव्ह उघडला, फुंकला, ठोकला आणि पेटवलासुद्धा. ज्वाळ अशी उठली की त्याची एक भुवई गेली. तरी पठ्ठ्या हसतोच आहे. मी चहा केला, दोघं प्यालो, आणि तो गेल्यावर मला पाटाखाली स्टोव्हचा एक स्क्रू सापडला. दुसऱ्या दिवशी स्टोव्ह पुन्हा थंड.

मग तेलवाल्याला बोलावलं. तो आला, अंगणात बसला, केळीचं पान मागून घेतलं. एकेक भाग काढून पानावर ओळीने मांडला, अगदी नैवेद्याचं ताट वाढावं तसा. सगळं पुसलं, बघितलं आणि म्हणाला, "आज न्हाय व्हायचा. वायसर गेलाय. श्रीवर्धनला मिळंल."

एवढं बोलून सगळं परत जोडून, बंद स्टोव्ह माझ्या हातात देऊन तो निघून गेला. मला रागच आला. पुढच्या बाजाराला तो आपणहून वायसर घेऊन आला, बसवला, आणि पेटवायच्या आधी म्हणाला, "वयनी, पेटवतो कोण? तुमी ना? मग तुमीच पेटवा. पंप कितपत द्यायचा ते हाताला कळाया पायजे. मी काय रोज हाय हितं?"

झालं, माझं ठरलं. होणार नाही ते आधी सांगणारा आणि होतं ते दुसऱ्याच्या हाताला शिकवणारा. जावई असा मिळाला तर बाप लेकीच्या काळजीतून सुटतो. मी त्याला भागीचं विचारलं. तो म्हणाला, "पगार नको. भाग द्या. पगारी माणूस इंजिन थांबलं की घरी जातो. भागवाला तिथंच बसतो." मग जमिनीकडे बघत म्हणाला, "जहाजावर जाया मला बी आता नको वाटतं." स्वतःबद्दल एवढं बोललेलं मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

भावजींना मीच सांगितलं. तो रुसला नाही. रुसायला माणूस एका जागी थांबावा लागतो.

गणपतीला हे आले. तेलवाल्याशी बोलले, खूश झाले. पण आबा म्हणाले, देवीला कौल लावल्याशिवाय एक खिळासुद्धा ठोकायचा नाही. आमच्याकडे ही रीतच आहे. देवीच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. कधी कधी दुपार टळते तरी एकही पाकळी हलत नाही, आणि सगळे उपाशीपोटी देवीच्या तोंडाकडे बघत बसतात.

त्या दिवशी तसं झालं नाही. आबांनी आपल्या मोठ्या आवाजात विचारलं, "आई, गिरणी घातली तर चालंल का?" त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी खाली. मग गुरवाने पुन्हा पाकळ्या लावल्या. "हा भागीदार घेतला तर पटंल का?" पुन्हा उजवी. गुरवसुद्धा म्हणाला, आई आज खुशीत आहे.

मी मागे खांबाला टेकून उभी होते. माझ्या मनात तिसरा प्रश्न होता. हे घरी येतील ना? पण सुनेने आबांसमोर पुढे होऊन देवीला कसं विचारायचं, आणि नवऱ्याबद्दल विचारायचं म्हणजे तर चव्हाटाच. शिवाय मला वाटलं, हे वेगळं विचारायचं कशाला? गिरणी घालायची तीच मुळी ह्यांनी यावं म्हणून. गुरवाने तबक उचललं. देवीला विचारावं तेवढंच ती सांगते, हे मला ठाऊक असून तेव्हा सुचलं नाही.

इंजिन मचव्यातून खाडीने आलं. भरतीला मचवा काठाला लागला आणि ओंडक्यांवरून सरकवत, बैल जुंपून, आरडाओरड करत गावाने ते वर आणलं. तेलवाल्याने स्वतः पाया खणून घेतला होता. त्याने ओळंबा लावून लावून ते बसवलं. सुरू करायच्या दिवशी आबांनी नारळ फोडला, तेलवाल्याने डोळे मिटून आपल्या देवाचं नाव घेतलं आणि हँडल मारलं. दोनदा खोकून इंजिन चालू झालं, आणि भात सडणाऱ्या हलरच्या तोंडातून पांढरा तांदूळ पडायला लागला. गावच्या बायका तो ओंजळीत घेऊन एकमेकींना दाखवत होत्या. कुणी कुणी रडलीसुद्धा. हात भरून येणं म्हणजे काय ते कांडणारीलाच ठाऊक.

हे तेव्हा रजा काढून आले होते. निघताना म्हणाले, "जम बसेपर्यंत नोकरी धरून ठेवतो. एकदम सोडणं शहाणपणाचं नाही." बरोबरच होतं ते. मी त्यांना माणगावपर्यंत पोचवायला गेले आणि सगळ्या वाटेने जम बसायला किती दिवस लागतील यावरच बोलत राहिले.

जम बसला. सुगीत तर गाड्यांची रांग लागायची. मी भात मापून घ्यायची, तांदूळ मापून द्यायची. भाबी कोंडा चाळायला यायची, तिच्या कोंबड्या गावात सगळ्यात गुबगुबीत झाल्या. तेलवाला इंजिनापाशी. त्याने मलाही शिकवलं, स्टोव्ह शिकवला होता तसंच, कमी बोलून. आवाज जड झाला की भात कमी सोडायचं. पट्टा घसरायला लागला की राळ लावायची. आधी आधी मला इंजिनाची भीती वाटायची, पुढे पुढे मी त्याच्या आवाजावरून घरात बसून सांगायची की आता तेल हवंय.

आणि एवढ्या सगळ्यात काही बिघडायचं नाही असं थोडंच? बिघडायचं. मी ह्यांना कळवायची. पण ह्यांचं काळजीचं उत्तर येईस्तोवर गिरणी केव्हाच चालू झालेली असायची. मग पुढच्या वेळी कळवायचंही राहायचं. तेलवाला माणूसच तसा होता. अडलं की तिथंच बसायचा आणि सुटल्यावरच उठायचा.

दिवस मावळला की इंजिन बंद व्हायचं. एकदम सगळं शांत, आणि मग खाडीवरचे आवाज ऐकू यायचे. तेलवाला चिंधीने हात पुसत मोहल्ल्याच्या वाटेला लागायचा. भाबी पुढे, तो मागे. तो अबोल माणूस तिच्याशी मात्र बोलायचा. शब्द कळायचे नाहीत, पण चालता चालता चाललेली ती बारीक कुजबुज मला ऐकू यायची. तिचं घर मीच भरलं होतं आणि मला त्याचा आनंद होता, खरंच होता. पण गिरणीला कुलूप लावून मी घरी जायची तेव्हा मागच्या दारी कुणी पाय धुवत नसायचं.

एका शिमग्याला हे घरी असतानाच इंजिन थांबलं. भर दुपारी, गाड्या उभ्या असताना. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी मनातून उड्या मारत होते. आता ह्यांना दिसेल. आता ह्यांचा हात लागेल, ह्यांना वाटेल की आपल्यावाचून अडतंय. हेसुद्धा उत्साहाने उठले. सदरा काढला, बनियनच्या बाह्या वर सारल्या आणि आमच्याबरोबर गिरणीत आले.

तेलवाला खाली वाकला होता. त्याने नुसता हात मागे केला आणि मी पाना दिला. न मागता दिला. दुसरा हवा होता तेव्हा दुसरा दिला. चिंधी दिली, तेल दिलं. हे मध्ये उभे. कधी या बाजूला, कधी त्या बाजूला, हात पुढे करून. काहीतरी द्यावं, काहीतरी धरावं म्हणून. मला पुढचा पाना पोचवता येईना, तशी मी म्हटलं, "अहो, जरा बाजूला व्हा."

हे बाजूला झाले. दारापाशी जाऊन उभे राहिले, गाडीवाल्यांशी गप्पा मारायला लागले. इंजिन सुरू झालं तेव्हा सगळ्यांत मोठ्याने तेच म्हणाले, "वा!"

संध्याकाळी जेवताना म्हणाले, "तुम्ही दोघांनी फार छान बसवलंय. मी उगाच काळजी करत होतो. आता मी इथं येऊन करू तरी काय? तिथं निदान पगार तरी चालू राहील." भाजीत मीठ कमी होतं. मी मुद्दाम कमी घातलं होतं. ते काही बोलले नाहीत.

मी म्हणायला हवं होतं की गिरणी गेली खड्ड्यात, तुम्ही या. तेव्हाच्या बायका असं म्हणत नसत. निदान मी म्हटलं नाही. मी म्हटलं, "आणखी भात वाढू?"

परत जाताना मी त्यांना पोचवायला माणगावला गेले. तिथल्या एस.टी. स्टँडसमोर भावजींनी मोटारी दुरुस्त करायची टपरी टाकली होती. टपरीला तीन बाजूंना पत्रा होता, चौथी बाजू अजून बाकी होती. आम्हाला बघून तो धावत आला. तोच हसरा चेहरा, केसांना तेच तेल. ह्यांच्या हातातली पिशवी त्याने काढून घेतली आणि म्हणाला, "काय दादा, चालला परत मुंबईला?"

"चाललो," हे म्हणाले. "गिरणीला माझी गरजच नाही. तुझ्या वयनीने भागीदारच असला निवडलाय."

भावजी खो खो हसला. "वयनी, चुकलात तुमी! मला घेतलं असतंत ना, तर दादा दुसऱ्याच दिवशी नोकरी सोडून घरी आला असता. माझ्यावर नजर ठेवाया!"

हे इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसले. एस.टी. आली, हे चढले, खिडकीपाशी बसले, आणि भावजी अजून तेच तेच बोलून त्यांना हसवत होता. एस.टी. वळणाआड जाईपर्यंत मी पदर तोंडाशी धरून हसतच उभी होते. मग भावजींनी माझ्याकडे नीट पाहिलं, हसू आवरलं आणि टपरीतून पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे धरला.